तर्जनीचे चौदा टक्के

प्रेसनं डबल मारलं. त्या रात्री आम्ही सगळे एवढंच म्हणत होतो. १९८९ चा जून, औरंगाबादजवळच्या वाळूज एमआयडीसीतली पत्र्याची शेड, सेकंड शिफ्ट सुटायला तासभर उरलेला. पन्नास टनी प्रेसवर दुचाकीच्या एका क्लॅम्पचं बेंडिंग चालू होतं. पीस डायमध्ये ठेवायचा, पायडल दाबायचं, रॅम खाली येऊन वर गेला की पीस काढायचा, दुसरा ठेवायचा. पाळीत दोन हजार वेळा. प्रेसवर जो होता त्याला आम्ही सगळे दादा म्हणायचो. माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठा, पंचविशीचा, गंगापूर तालुक्यातला. त्यानं पायडल दाबलं, रॅम आला, वर गेला, त्याचा उजवा हात पीस काढायला आत गेला आणि पायडलवर पाय नसताना रॅम पुन्हा खाली आला.

ओरडणं मी ऐकलंच नाही, प्रेसच्या आवाजात ते बुडालं. मी दोन मशीन पलीकडं डाय बसवत होतो. दादा हात छातीशी धरून मागं सरकताना दिसला, आणि त्याच्या निळ्या शर्टावर जे काळं दिसलं ते मी आधी ऑइल समजलो. सुपरवायझरनं बाहेरच्या थंड पेयाच्या गाडीवरून बर्फ आणला, बोट प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि आम्ही टेम्पोतून घाटीत गेलो. बाहेरच्या माणसासाठी सांगतो, आमच्याकडं सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याला घाटी म्हणतात. डॉक्टरांनी पिशवी उघडून पाहिली आणि मान हलवली. कापलेलं बोट कधीकधी जोडता येतं, हे चेंगरलेलं होतं. उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी आयटीआयचा फिटर, पण अक्षर बरं होतं. अपघाताच्या सूचनेचा फॉर्म पुढं सरकवून ते म्हणाले, "भर." नाव, वय, वेळ, यंत्र, सगळं भरलं. कारणाच्या रकान्यापाशी थांबलो.

"काय लिहू, साहेब?"

"लिही. कामगाराच्या निष्काळजीपणामुळे."

मी लिहिलं. संध्याकाळी तो कागद घेऊन घाटीत गेलो. दादाला सही येत होती, नववीपर्यंत शिकलेला माणूस. पण उजव्या हाताला बँडेज, म्हणून डाव्या हाताचा अंगठा घेतला. त्यानं वाचलं नाही, मीही वाचून दाखवलं नाही.

पुढं माझी सगळी नोकरी याच विषयात गेली. गेल्या वर्षी सुरक्षा अधिकारी म्हणून निवृत्त झालो. या शहरात कामाच्या जागी माणूस जपण्याचा इतिहास काय, असं कुणी विचारलं की मला कायद्यांची जंत्री आठवायला हवी. आठवतो तो रकाना.

बोटांचे दर मला नंतर कळले. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा. त्याला एक अनुसूची जोडलेली होती आणि तिच्यात माणसाच्या शरीराचा भाव लावलेला होता. अंगठा ३० टक्के. एका हाताची चारही बोटं ५०. तर्जनी मुळापासून गेली तर १४, दोन पेरं गेली तर ११, एक पेर गेलं तर ९, आणि हाड न जाता नुसतं टोक उडालं तर ५. मधलं बोट १२. करंगळी किंवा अनामिका, दोन्हीचा दर सारखा, ७. टक्के म्हणजे कमाईची ताकद तेवढी घटली असं धरायचं. त्या काळचं सूत्र असं, की महिन्याच्या पगाराचे ५० टक्के घ्यायचे, त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्यानं गुणायचं आणि त्याचे हे टक्के. पंचविशीच्या माणसाचा आकडा २१६.९१. दादाचा पगार ६०० रुपये. मी एकदा मांडून पाहिलं, ९,११० रुपये होतात. त्याच्या हातात किती पडले ते लिहीत नाही. मालकांनी कामावरून काढलं नाही, हेच तेव्हा उपकारासारखं बोललं गेलं.

ही अनुसूची वाचून लोकांना किळस येते. मला तशी येत नाही. तिच्या आधी बोटाला काहीच दर नव्हता.

माझी आजी जालन्याची. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा झाला १ मे १९८१ ला. लग्नाआधी ती आईबरोबर जिनिंगमध्ये जायची. अपघात हा शब्द तिच्या तोंडात नव्हता. ती म्हणायची, "शाफ्टानं बाई ओढली." जशी विहीर माणूस ओढते म्हणतात तशी. लहानपणी मला ते भुताच्या गोष्टीसारखं वाटायचं. शाफ्ट म्हणजे काय हे आयटीआयला गेल्यावर कळलं, आणि आजीचं वाक्य किती नेमकं होतं तेही तेव्हाच.

आमच्या भागात वाफेवरचा कारखाना कापसामुळं आला. औरंगाबादला १८८९ मध्ये सूत-कापडाची गिरणी उभी राहिली, सातशे माणसं कामाला. १९०० मध्ये मनमाडहून हैदराबादकडं जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे सुरू झाली आणि रुळाच्या कडेला जिनिंगची धुराडी दिसायला लागली. जुन्या इंपीरियल गॅझेटियरात नोंद आहे, एकट्या जालन्यात ९ जिनिंग आणि ५ प्रेस, औरंगाबाद आणि कन्नडला आणखी जिनिंग. १९०१ साली जिल्ह्यातल्या या जिनिंग-प्रेसांत मिळून १,०१६ माणसं होती. किती बाया, किती पोरं, ते लिहिलेलं नाही. कुणाला काय झालं ते तर नाहीच.

जिनिंगचं आतलं चित्र असं. लांबलचक हॉल, गिन यंत्रांच्या रांगा, प्रत्येक यंत्रापुढं एक बाई उभी. ती कापूस भरणार, रुई एका अंगानं बाहेर, सरकी खाली. सगळ्या यंत्रांना फिरवणारा एकच लांब लोखंडी दांडा, तो शाफ्ट. बऱ्याच ठिकाणी तो फरशीच्या खाली बोळात असे आणि सरकीही त्याच बोळात पडे. ती काढायला कुणीतरी खाली उतरायचं. अंधार, हवेत रुईचे तंतू, आणि अंगावर लुगडं. गुळगुळीत दांडा फिरताना बघायला निरुपद्रवी दिसतो, त्याला दात नाही, धार नाही. पदराचं टोक एकदा त्याला गुंडाळलं की मिनिटाला शंभर-दीडशे फेऱ्यांनी तो उरलेलं माणूस जवळ घेतो. इंजिन दुसऱ्या टोकाला. हाक पोचेपर्यंत सगळं होऊन गेलेलं.

महाराष्ट्राच्या १९६३ च्या कारखाना नियमांत एक तरतूद आहे. वाचताना कोरडी वाटते. जिनिंगमधला शाफ्ट फरशीखाली असेल तर त्याच्याभोवती सलग भिंत किंवा चढता न येणारं कुंपण हवं, सरकी काढायला, साफसफाईला आणि तेल घालायला लागतील तेवढेच रस्ते ठेवावेत, त्यांना दारं असावीत आणि ती कुलूपबंद राहावीत. चढता न येणारं! नुसतं कुंपण घालून भागलं नसणार, म्हणून हा शब्द आला. एखादी बाई कुंपणावरून चढून आत गेली असणार, कारण दाराला वळसा घालायचा तर भरणा खोळंबतो आणि मुकादम ओरडतो. मूळ कायद्यातही, १९४८ च्या, कापूस पिंजायच्या यंत्राबद्दल असंच एक कलम होतं. ते चालू असलेल्या भागात बाई किंवा मूल कामाला नको, आणि भरायची बाजू वेगळी काढायची असेल तर मधली भिंत छतापर्यंत, किंवा इन्स्पेक्टर सांगेल तेवढी उंच, हवी. छतापर्यंत का, हे ज्यानं कापसाची आग पाहिली आहे त्याला विचारावं लागत नाही. असे नियम मी माझ्या आजीच्या गावच्या बखरीसारखे वाचतो.

पुन्हा मागं जातो. जिनिंगची धुराडी दिसेपर्यंत मुंबईत थोडी हालचाल झाली होती. १८८१ चा पहिला कारखाना कायदा सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारख्यांच्या खटपटीनं आला, आणि थोडा मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांच्या पोटदुखीनंही, कारण मुंबईचं स्वस्त सूत त्यांना खुपत होतं. पोटदुखी असो, कायदा आला. धोक्याच्या यंत्राला कुंपण आणि अपघाताची वर्दी हे त्यात होतं. पण शंभराहून कमी माणसं असतील तर लागू नाही, आणि वर्षात चार महिन्यांपेक्षा कमी चालणारा कारखाना असेल तरी नाही. जिनिंग तर हंगामी धंदा. म्हणजे खानदेशातल्या जिनिंगमधली बाई, जी हंगामात पहाटेपासून रात्रीपर्यंत उभी राही, ती या चाळणीतून सरळ खाली पडली. हंगामी कारखाने कायद्यात यायला १९११ उजाडलं. माझ्या आजीच्या आईला तर ही चाळणीही नव्हती. ती निजामाच्या मुलखात, इंग्रजांचा कायदा मनमाडच्या अलीकडंच थांबलेला.

या सगळ्यात मला सर्वांत जवळचे वाटतात ते नारायण मेघाजी लोखंडे. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांच्या पुढाकारानं परळला गिरणी कामगारांची सभा झाली आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज निघाला. रविवारची सुट्टी त्यातली, हे शाळेच्या पुस्तकात असतं. त्याच अर्जातली आणखी एक मागणी पुस्तकात सहसा नसते. कामावर दुखापत झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार, आणि कायमचा जायबंदी झाला तर पोटाची सोय. चूक कुणाची होती, हा प्रश्न त्या मागणीत कुठंच नाही. १८८४ मध्ये! मी १९८९ मध्ये त्या रकान्यात काय लिहिलं ते वर सांगितलंच आहे.

स्वातंत्र्यानंतरची वर्षं भराभर सांगतो. हैदराबाद संस्थान भारतात आलं, देशाचा कायदा इथं लागला, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० ला महाराष्ट्रात. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. औरंगाबादला आधी रेल्वे स्टेशनजवळ, मग चिकलठाण्याला वसाहती पडल्या. १९६६ च्या ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा परिषद झाली, म्हणून तो दिवस आपण अजून पाळतो. १९७६ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन हजार कामगारांच्या कारखान्याला सुरक्षा अधिकारी नेमणं आलं. पण औरंगाबादेत तेव्हा हजार कामगारांचे कारखाने बोटांवर मोजण्याइतके. बोटांवर मोजणं हा वाक्प्रचार मी आता जपून वापरतो.

खरी उलथापालथ १९८४-८५ ची. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळची वायुगळती झाली. १९८५ मध्ये बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण माझ्या आयुष्यात दोन्ही एकदमच आले. बजाजमागून सुट्या भागांच्या शेडा आल्या, एकामागून एक, नगर रस्त्याच्या दोन्ही अंगांना. वैजापूर, गंगापूर, पैठणची, पार बीड-परभणीची पोरं आली. जोगेश्वरी, रांजणगाव, पंढरपूर या गावांत खोल्या वाढल्या. शेतात औत धरलेले हात सहा महिन्यांत प्रेसवर. गाडीचा प्रत्येक ब्रॅकेट, प्रत्येक क्लॅम्प पत्र्यातून प्रेसवर निघतो, आणि पत्रा डायमध्ये ठेवायला हात लागतो. मोरे चौकात संध्याकाळी उभं राहिलं तर तंबाखू मळणाऱ्या हातांकडं बघून कोण प्रेसशॉपचा ते ओळखता यायचं.

आता प्रेसनं डबल का मारलं ते. जुन्या प्रेसमध्ये जड फ्लायव्हील सतत फिरत असतं. पायडल दाबलं की क्लचमधली चावी वळते, खाचेत बसते, फ्लायव्हील आणि क्रँक एक होतात आणि रॅम खाली निघतो. एकदा निघाला की निघाला. पाय उचला, स्विच बंद करा, देवाचं नाव घ्या, पूर्ण फेरी झाल्याशिवाय तो थांबत नाही. फेरी संपताना एक अडसर चावीला पुन्हा वळवून खाचेतून बाहेर काढतो. चावी झिजली, टोक उडालं किंवा तिची छोटी स्प्रिंग तुटली, की ती बाहेर येतच नाही. क्रँक पुन्हा फिरतो. हेच आमचं "डबल मारणं". त्या प्रेसची स्प्रिंग पंधरा दिवस आधी एकदा तुटली होती. मी स्वतः बदलली होती, आणि हाताशी मिळाली ती बदलली होती.

हे मला १९८९ मध्ये फिटर म्हणून माहीत होतं. रकान्यात लिहिण्याइतकं महत्त्वाचं आहे, हे माहीत नव्हतं.

मी नोकरी करत संध्याकाळचा डिप्लोमा केला आणि पुढं मुंबईला सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमधून औद्योगिक सुरक्षेची पदविका घेतली. तिथं हाइनरिख शिकवला. अमेरिकेतल्या विमा कंपनीतला माणूस, १९३१ मध्ये त्याचं पुस्तक आलं. एका मोठ्या दुखापतीमागं २९ किरकोळ आणि ३०० दुखापत न झालेले प्रसंग असतात, हा त्याचा त्रिकोण प्रसिद्ध आहे. त्याचा दुसरा आकडा आमच्या वहीत लाल शाईनं होता, १०० पैकी ८८ अपघात माणसाच्या असुरक्षित वागण्यामुळं. वर्गात सगळ्यांनी माना डोलावल्या. मग सरांनी विचारलं, हा आकडा त्यानं आणला कुठून? पंच्याहत्तर हजार प्रकरणं पाहिली. त्यातली बारा हजार विम्याच्या मिटलेल्या दाव्यांची, बाकीची कारखानदारांच्या दप्तरातली. म्हणजे कुणीतरी भरलेले फॉर्म. सर पुढं गेले. मी वहीकडं बघत बसलो. तिकडंही एखाद्या मालकानं एखाद्या बऱ्या अक्षराच्या पोराला बोलावून सांगितलं असणार, लिही.

सायनलाच आणखी एक गोष्ट कळली. १९२३ च्या कायद्यानं निष्काळजीपणा हे भरपाई नाकारायचं कारणच नव्हतं. दारू प्यायलेला असेल, स्पष्ट हुकूम मुद्दाम मोडला असेल, गार्ड जाणूनबुजून काढला असेल, तर गोष्ट वेगळी. नुसत्या हलगर्जीनं हक्क जात नव्हता. मग ते वाक्य लिहायचं कशाला? इन्स्पेक्टरसाहेबांसाठी. कामगार निष्काळजी निघाला की प्रेसला गार्ड का नव्हता, हा प्रश्न फाइलीत मागं पडतो.

भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीत, घातक प्रक्रियांच्या कारखान्यांना सुरक्षा समिती सक्तीची झाली. व्यवस्थापनाचे जेवढे तेवढेच कामगारांचे प्रतिनिधी. मी पुढं ज्या मोठ्या कारखान्यात गेलो तिथल्या समितीच्या पहिल्या चार बैठका चहाच्या पातळपणावर आणि बुटांच्या मापावर गेल्या. साहेब लोक वैतागले. मला ते ठीक वाटलं. ज्याला चहाबद्दल बोलता येत नाही तो प्रेसबद्दल कशाला बोलेल? पाचव्या बैठकीत फोर्कलिफ्टवाला म्हणाला, "कॅन्टीनकडं वळताना मला माणूस दिसतच नाही बघा." आम्ही गोल आरसा बसवायचं ठरवलं. तो म्हणाला, "आरसा कशाला? माणसांचं फाटकच तिकडून काढा ना." फाटक हलवलं, खर्च एका भिंतीचा. नंतर परदेशी ऑडिटर आला आणि त्यानं पाच पायऱ्या समजावल्या. धोकाच काढून टाका, नाहीतर बदला, नाहीतर यंत्रानं अडवा, मग नियम आणि पाट्या, आणि हातमोजा-हेल्मेट सर्वांत शेवटी. आमचा फोर्कलिफ्टवाला पहिल्याच पायरीवर उभा होता.

थोडक्यात वाचलेल्या प्रसंगांची वही मी सुरू केली. पहिला महिना कोरी. दुसरा महिना कोरी. कोण कशाला आपल्या हातानं मेमो ओढवून घेईल? मग नाव लिहायचा रकानाच काढून टाकला. तिसऱ्या महिन्यात अकरा नोंदी. पोरं तिला "वाचलो वही" म्हणायची. तिच्यात एकदा नुसतं एवढंच होतं, "सात नंबरनं डबल मारलं. हात बाहेर होता." मी सात नंबर त्याच पाळीत बंद केला. उत्पादनवाल्या साहेबांनी आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं.

मग आले अठरा हजार एक. ओएचएसएएस १८००१, कामाच्या जागच्या सुरक्षेचं मानक, १९९९ चं. निर्यातीचा माल घेणारं गिऱ्हाईक ते मागायला लागलं आणि जे काम कायद्याच्या भीतीनं झालं नव्हतं ते ऑर्डरच्या लोभानं व्हायला लागलं. मला त्यात कमीपणा वाटत नाही. जुन्या चावीच्या प्रेस जाऊन हवेच्या क्लचच्या आल्या, त्या मधेच थांबतात. दोन हातांची बटणं आली, दोन्ही अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली तरच रॅम हलतो. पोरांनी पहिल्या आठवड्यातच एक बटण चिंधी कोंबून दाबून ठेवायची युक्ती काढली. पीसवर पैसे मिळणारा माणूस दुसरं काय करील? मग प्रत्येक फेरीला दोन्ही बटणं सोडायला लावणारा रिले आला. पुढं प्रकाशाचा पडदा आला, बोट आडवं गेलं की यंत्र उभं. २०१८ च्या मार्चमध्ये पंचेचाळीस हजार एक आलं, आयएसओचं, आणि त्यात पुढाऱ्यानं, म्हणजे वरच्या साहेबानं, काय करायचं ते आधी लिहिलं होतं.

कागदही वाढला, ते लपवत नाही. ऑडिटच्या आदल्या रात्री शॉपमध्ये पिवळ्या रंगाचा वास यायचा. सुरक्षा सप्ताहात रांगोळी स्पर्धा, घोषवाक्य स्पर्धा आणि ४ मार्चला उन्हात उभं राहून शपथ. रांगोळीत हेल्मेट फार छान यायचं. अपघाताची वर्दी ४८ तास किंवा त्याहून जास्त कामावर न आल्यास द्यावी लागे, म्हणून काही ठिकाणी जखमी माणसाला दुसऱ्या दिवशी गाडी पाठवून आणत आणि स्टोअरमध्ये स्टुलावर बसवत. हाताला बँडेज, पुढ्यात नटबोल्टचा डबा, हजेरी लागलेली. दारावरची "अपघातमुक्त दिवस" ही पाटी पुढं सरकलेली. मी अशी स्टुलं पाहिली आहेत.

आणि हे सगळं मोठ्या फाटकाच्या आत. चावीच्या प्रेस मोठ्या कारखान्यातून निघाल्या, पण भंगारात गेल्या नाहीत. विकल्या गेल्या. रस्त्यापलीकडच्या शेडमध्ये, तिच्या पलीकडच्या गाळ्यात. पीस तोच, गाडी तीच, फक्त हात दुसऱ्याच्या हजेरीपटावरचा, कधी कुठल्याच पटावर नसलेला.

३१ डिसेंबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर वाळूजमध्ये एका कारखान्याला आग लागली. सहा कामगार गेले. काम संपवून ते आतच झोपले होते, गावं लांब बिहारकडं. शिफ्ट चालू नव्हती, यंत्र फिरत नव्हतं. त्या कारखान्यात बनत होते हातमोजे. मी सकाळी तिकडं जाऊन आलो, उगीचच, माझं तिथं काही काम नव्हतं. पाच पायऱ्यांतली शेवटची पायरी जिथं तयार होते, तिथं झोपलेल्या माणसांसाठी मी शिकलेल्या कुठल्याही चेकलिस्टमध्ये रकाना सापडेना. मुक्कामाची तपासणी म्हणून आम्ही कधी काही लिहिलंच नव्हतं. आमची पाळी सुटली की आमची पद्धतही घरी जायची.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९४८ चा कायदा इतिहासात गेला. सुरक्षा अधिकाऱ्याची अट हजारावरून पाचशे कामगारांवर आली, हे चांगलं. मात्र यंत्रशक्तीवरच्या शेडला कारखाना म्हणायला आता दहाऐवजी वीस माणसं लागतात. १९८९ च्या त्या शेडमध्ये आम्ही चौदा जण होतो.

निवृत्तीनंतर मी बजाजनगरातच राहतो. संध्याकाळी भाजीला जातो. तिथं दादाची गाडी असते, बरीच वर्षं झाली. चार बोटांच्या हातानं तो वांगी इतकी चटकन निवडतो की नवीन गिऱ्हाइकाच्या लक्षातही येत नाही. आमचं बोलणं पाऊस, पोरांची लग्नं, कांद्याचा भाव यावर. परवा माझ्या निवृत्तीचा विषय निघाला, तू नेमकं काय करायचास रे, असं त्यानं विचारलं. मी सांगत होतो, तो काटा सारखा करत होता. मधेच म्हणाला, "माझा अंगठा घेतला होतास बघ एका कागदावर. काय लिहिलं होतं त्यात?"

मी सांगितलं. जसंच्या तसं वाक्य सांगितलं.

तो थोडा वेळ काट्याकडं बघत राहिला. "आणि चावीचं?"

"चावीचं नव्हतं लिहिलं."

"स्प्रिंगचं?"

"तेही नाही."

मागं एक बाई थांबली होती. त्यानं तिची मेथी आधी दिली, सुट्टे पैसे मोजले. मग माझ्या पिशवीचं तोंड उघडून धरलं. "गवार अर्धा किलो ना?" म्हणाला.